नव्याने इम्प्रोव्हला येणाऱ्यांसाठी

ठाण्यात आमच्या इम्प्रोव्हच्या, म्हणजे लिहिलेल्या संवादांशिवाय आयत्या वेळी प्रसंग रचायच्या नाट्यखेळांच्या, तालमीला येतोयस, आनंद आहे. पण पहिल्याच दिवशी लोकांना हसवायच्या मागे लागू नकोस. समोरच्याचं नीट ऐक. त्याने "आई, तलावपाळीत आपली बोट बुडतेय" म्हटलं, तर "ही बोट नाही, बस आहे" म्हणून त्याला तोडू नकोस. "तरी सांगत होते, वांग्याचं पोतं काठावर ठेव" असं म्हण. त्याचं मान्य झालं, वर तू भर घातलीस, प्रसंग पुढे सरकला. हशा त्यातूनच येतो.

हे खेळ आले कुठून, तेही माहीत असू दे. शिकागोत व्हायोला स्पोलिन यांनी स्थलांतरितांच्या मुलांसाठी नाट्यखेळ रचले. त्यांचा मुलगा पॉल सिल्स 1955 च्या 'कम्पास प्लेअर्स' आणि 1959 च्या 'सेकंड सिटी' या इम्प्रोव्ह मंडळींत होता. तिथून तयार झालेली माणसं पुढे अमेरिकन टीव्हीवर विनोदाचा चेहरा बनली. नाट्यशिक्षक कीथ जॉनस्टन यांनी 1977 मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत थिएटरस्पोर्ट्स सुरू केलं. दोन संघ, समोर परीक्षक, सगळं आयत्या वेळचं.

आणि आपला दशावतार बघच. कथा ठरलेली, संवाद मात्र रंगमंचावर सुचतील तसे. तमाशातल्या बतावणीतला सोंगाड्याही हजरजबाबीपणावरच उभा असतो. माझ्या मते नवशिक्याने परदेशी व्हिडिओंआधी हे पाहावं, कारण आपल्या बोलीची लय तिथे कानात बसते. कोकणातली मंडळं मुंबई-ठाण्याकडे प्रयोगाला आली की पुढच्या रांगेत बस. वही नको, नटांच्या नजरा बघ: कोण कोणाला वाक्य देतो, कोण थांबतो.