नेपिअर गवताचं बी का मिळत नाही? शेजाऱ्याच्या कांड्या लावल्या तर चालतील का?

तुम्ही लिहिलंय की निपाणीतली दुकानं पालथी घातली तरी नेपिअरचं बी मिळालं नाही, शेजारी फुकट कांड्या द्यायला तयार आहेत आणि तोवर दोन म्हशींना उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, चालू आहे. मी चिकोडी तालुक्यातला. धारवाडच्या कृषी विद्यापीठात रोपपैदास शिकलो, घरी ऊस आणि म्हशी दोन्ही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बी मिळणार नाही, कारण ते धरतच नाही. आपण ज्याला नेपिअर म्हणून लावतो तो बाजरी आणि हत्ती गवत (म्हणजे मूळ नेपिअर) यांचा संकर आहे. बाजरीत गुणसूत्रं १४, हत्ती गवतात २८. एकीकडून ७ आणि दुसरीकडून १४ आली की संकरात होतात २१. परागकण तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात, आणि २१ मध्ये त्या नीट जुळत नाहीत. तुरा येतो, दाणा भरत नाही. मोबाइलवर कुणी ‘संकरित नेपिअरचं बी’ म्हणून पाकीट विकत असेल तर पैसे घालवू नका.

आता कांड्यांचं. कांडीतून आलेला ठोंब म्हणजे मूळ ठोंबाची हुबेहूब प्रत. त्याचा जोम जसा तुमच्या शेतात येतो, तसा आत दडलेला रोगही येतो. उसात हे आपण बघतोच. गवताळ वाढीचा रोग फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जिवामुळे होतो आणि बेण्यातून, म्हणजे लावणीच्या कांड्यांतून, पुढच्या लावणीत जातो. बेटात बोटभर जाडीचा ऊस राहत नाही, पांढरट बारीक फुटव्यांचा झुबका होतो. को-सी ६७१ या उसाच्या जातीला साखर उतारा चांगला, पण लाल कुज या बेण्यातूनच पसरणाऱ्या बुरशीच्या रोगाला ती बळी पडते. असा ऊस उभा चिरला की आत लाल गाभा, मधे आडवे पांढरे ठिपके आणि आंबूस दारूसारखा वास. केनिया-युगांडात नेपिअरलाही फायटोप्लाझ्मानं खुजं करून टाकलंय, आणि तिथं रोग पसरवण्यात अशा आणलेल्या बेण्याचा मोठा हात आहे.

म्हणून शेजाऱ्याच्या कांड्या घ्या, पण आधी त्यांच्या प्लॉटमधून सगळा फेरा मारा. पिवळे पडलेले, खुजे, झुबक्यासारखे फुटलेले ठोंब दिसले तर तिथलं बेणं नको. निरोगी असेल तर तीन महिन्यांच्या पुढची ताटं निवडा, शेंड्याचा कोवळा भाग टाकून द्या, दोन डोळ्यांच्या कांड्या करा आणि एक डोळा मातीत जाईल अशा लावा. ओळींत तीन फूट, ठोंबांत दोन फूट. जात कुठली हे शेजाऱ्यांना सांगता येत नसेल तर तुमच्या जागी मी असतो तर धारवाडचं बेणं आणलं असतं. झाशीच्या भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेचं केंद्र तिथं आहे आणि डीएचएन-६, म्हणजे ‘संपूर्णा’, तिथलीच जात. मत्तीकोप किंवा तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रातही आधी फोन करून विचारा.

म्हशींचं मात्र लावणीपर्यंत थांबवू नका. वाड्यात ऑक्झॅलेट भरपूर असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि म्हशीच्या अंगी लागू देत नाही. नेपिअरमध्येही ते असतं, म्हणजे वाडं बंद करून नुसतं नेपिअर घातलं तर प्रश्न सुटत नाही. बांधाला शेवरी किंवा दशरथ घास लावा, एका वाफ्यात चवळी करा आणि हा कॅल्शियम देणारा द्विदल चारा कुट्टीत मिसळा. वाडं घालायचंच असेल तर कुट्टी करून वर चुन्याची निवळी शिंपडून काही तास ठेवा, शिवाय रोज खनिज मिश्रण द्या. एखादी म्हैस व्यायला झाली असेल तर तिचं वाडं आत्ताच कमी करा आणि खनिज मिश्रण किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या.