भिजलेल्या वह्या आणि बावीस तारखेची बैठक

या वेळच्या पत्रांपैकी तीन पत्रं मी एकत्र घेतली आहेत. तिघांनी वेगवेगळं विचारलंय, पण मनात घोळतंय ते एकच: हिशेबाचं काम करणाऱ्याने स्वतः शिकत कसं राहायचं, आणि गाव हक्काने जे काम सांगतं ते करायचं की नाही. नव्या वाचकांसाठी सांगते, मी चिपळूणची. १९९१ साली जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाची शासकीय पदविका) झाले, तेव्हापासून पतसंस्था, दूध संस्था आणि गृहनिर्माण संस्थांचं लेखापरीक्षण करते आहे.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची, बी.कॉम. अकलूजला एका कर सल्लागारांकडे चार वर्षं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करते, जीएसटीची रिटर्नं भरते. पगार अकरा हजारांवर अडकलाय. सीएची पहिली परीक्षा दोनदा दिली, निघाली नाही. आता गल्लीतल्या तीन बचत गटांच्या बायका ‘आमचं दप्तर बघून दे’ म्हणून मागे लागल्यात. आई म्हणते, फुकट राबण्यापेक्षा एखादा कोर्स कर. मी काय करू?

उत्तर : पोरी, आईवर रागावू नकोस. अकरा हजार पगारावर लेकीने आणखी फुकट राबावं असं कुठल्या आईला वाटेल? तरी ते काम तू घे, असंच मी सांगणार आहे. का, हे सांगायचं तर मला पुरापासून सुरुवात करावी लागेल.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं. माझं ऑफिस तळमजल्यावर होतं. पाणी उतरल्यावर कपाट उघडेना, कारण आतल्या वह्या फुगून दाराला घट्ट बसल्या होत्या. कम्प्युटर चिखलात होता. टॅलीचा बॅकअप मी नियमाने घेत असे, पण ती हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली होती. २००५चा पूर पाहिलेल्या बाईने ही चूक करायला नको होती, आणि तिचं दुःख मला अजून होतं. आता माझा एक बॅकअप दुसऱ्या गावात असतो.

पण दुकानदारांचं संकट माझ्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. विम्याचा सर्व्हेअर येऊन विचारायचा, ‘पाणी शिरलं त्या दिवशी दुकानात माल किती होता?’ माल वाहून गेलेला, उरलेला चिखलात कालवलेला, रस्त्यावर टाकलेला. बिलबुकं गेलेली. तेव्हा आम्ही आठ जण एका ओळखीच्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. दोन सीए, मी, बाकीची पाच तुझ्यासारखी टॅलीवर काम करणारी मुलं-मुली. जवळजवळ तीन आठवडे रोज दुपारी.

आम्ही काय केलं ते नीट सांगते, कारण हे तुला कधीतरी लागेल. वह्या गेल्या तरी जीएसटीच्या पोर्टलवर खरेदी शिल्लक होती. २बी हे खरेदीचं विवरण उघडलं की एप्रिल ते जूनची पुरवठादारांनी दाखवलेली सगळी बिलं समोर. जुलैच्या २१ दिवसांसाठी मोठ्या खेपांची ई-वे बिलं (मालवाहतुकीची ऑनलाइन कागदपत्रं) काढली आणि बाकीच्यांसाठी पुरवठादारांना फोन करून खातेउतारे मागवले. विक्री भरलेल्या रिटर्नांतून मिळाली, जुलैची बँकेतल्या भरण्यावरून आणि यूपीआयवरून लावली. ३१ मार्चची शिल्लक हा खरा गुंता होता, कारण २०२०-२१चे ताळेबंद बहुतेकांचे व्हायचेच होते. ज्यांची कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावर बँकेची उचल) होती त्यांनी बँकेला दिलेलं मार्चचं स्टॉक स्टेटमेंट कामी आलं. मग साधा हिशेब. समज, मार्चअखेर माल ६ लाखांचा, त्यानंतर खरेदी ५ लाखांची, विक्री ५ लाखांची, सगळं कर सोडून. दुकानाचं मार्जिन विक्रीवर १८ टक्के. म्हणजे विकल्या गेलेल्या मालाची किंमत ४ लाख १० हजार, आणि दुकानात असायला हवा तो माल ६ लाख ९० हजारांचा.

बी.कॉम.ला हे आपण सगळ्यांनीच सोडवलेलं असतं. पण समोर कापडवाले काका बसलेले असतात आणि ‘मार्जिन किती?’ या प्रश्नावर त्यांचे डोळे भरून येतात, तेव्हा तो टक्का कुठून आणायचा हे पुस्तकात नसतं. औषधाच्या दुकानाचं मार्जिन जवळपास ठरलेलं. कापडात लग्नसराईचं वेगळं, श्रावणातल्या सेलचं वेगळं. तीस वर्षं मी ताळेबंद तपासत होते, पण ‘अखेरचा माल’ हा माझ्यासाठी एका ओळीतला आकडा होता. त्या तीन आठवड्यांत तो माल मला दिसायला लागला.

आणखी दोन गोष्टी त्याच हॉलमध्ये शिकले. एक, विम्यातलं सरासरीचं कलम. दुकानात १० लाखांचा माल आणि विमा ५ लाखांचाच असेल, तर ४ लाखांच्या नुकसानीला २ लाखच मिळतात. हप्ता वाचवायला विमा कमी काढलेल्या माणसाला हे समजावून सांगणं फार जड जातं. दुसरी, नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागतं, ते दाव्याच्या आकड्यात आधीच धरायला हवं. त्या पाच मुलांपैकी एक मुलगी आज विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तयार करायचं काम स्वतंत्रपणे करते, रीतसर फी घेऊन. तिने त्यासाठी कुठला कोर्स केला नव्हता.

आता तुझे बचत गट. पंचसूत्री तुला माहीत असेल: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, आणि लेखे अद्ययावत. पाचवं सूत्र ढासळलं की पहिली चार खरी असूनही बँकेला दिसत नाहीत. गट सहा महिने नीट चालला आणि वह्यांतून तसं दिसलं, तरच बँक कर्जाचं बोलते. म्हणून तुझं काम किरकोळ समजू नकोस.

पण एक पथ्य पाळ. वह्या तू लिहायच्या नाहीत. सचिवबाईंनीच लिहायच्या, तू शेजारी बसायचं. तू लिहायला लागलीस की तुझं लग्न होऊन तू दुसऱ्या गावी गेलीस की दप्तर बंद. पहिल्या बैठकीत पेटीतली रोकड सगळ्यांसमोर मोजायला लाव आणि ती रोजकीर्दीच्या शिल्लकेशी जुळते का बघ. जुळली नाही तर कुणाकडेही बोट न दाखवता, मागच्या बैठकीपासून एकेक पावती लावत या.

मग व्याजाकडे बघ. बहुतेक गटांत शेकडा दोन रुपये महिना असा दर असतो. १० हजारांचं कर्ज मुद्दलाच्या दहा समान मासिक हप्त्यांत फेडायचं असेल, तर घटत्या शिल्लकेवर एकूण व्याज १,१०० रुपये होतं. पण कितीतरी ठिकाणी शेवटच्या महिन्यापर्यंत मूळ दहा हजारांवरच दोनशे रुपये घेत राहतात, म्हणजे २,०००. हे नऊशे रुपये कुणी लबाडीने घेत नाही, वहीत बाकी रकमेचा रकाना आखलेला नसतो, एवढंच. तो रकाना तू आखून दे. नियम काय ठेवायचा ते बायका ठरवतील, पण समजून ठरवतील.

वेळेची हद्द आधीच सांग: महिन्यातून दोन दुपारी, सहा महिने. त्यानंतर त्यांना तुझी गरज उरली नाही तर काम चांगलं झालं असं समज. ‘उमेद’ या सरकारी अभियानाची सीआरपी ताई (गटांना मदत करणारी कार्यकर्ती) तुमच्या भागात असेल, तर तिला पहिल्या दिवसापासून बरोबर घे. तिला वगळून गेलीस तर विनाकारण रुसवे होतील.

आणि आई म्हणते तो कोर्सही कर. सीए निघालं नाही याचं ओझं उतरवून ठेव. सहकार आयुक्त कार्यालयाची जी.डी.सी. अँड ए.ची परीक्षा पदवीवर देता येते. पास झाल्याबरोबर लेखापरीक्षण अहवालावर सही करता येत नाही, सहकारी संस्थांच्या ऑडिटचा अनुभव लागतो, मग लेखापरीक्षकांच्या सरकारी यादीवर, म्हणजे तालिकेवर, नाव येतं. म्हणून एखाद्या प्रमाणित लेखापरीक्षकाच्या हाताखाली आत्तापासूनच जायला लाग. पतसंस्था, सोसायट्या, दूध संस्था तुमच्या भागात भरपूर आहेत. बचत गटाच्या वहीतलं अंतर्गत कर्ज ज्याला कळलं, त्याला पतसंस्थेची कर्जखतावणी परकी वाटत नाही.

प्रश्न : मी इचलकरंजीत चार वर्षांपासून सीए म्हणून प्रॅक्टिस करतो. आमच्या भागातल्या जुन्या वाचनालयाच्या ट्रस्टचं ऑडिट मी विनामूल्य करतो. आता त्यांनी मला विश्वस्त व्हायची विनंती केली आहे आणि ‘ऑडिटही तुम्हीच करत राहा, घरचंच काम आहे’ असं म्हणतात. शिवाय वर्षअखेरीस त्यांची कीर्दही माझ्याच ऑफिसात लिहिली जाते. नाही म्हटलं तर वाईट दिसेल. काय करावं?

उत्तर : नाही म्हणा. विश्वस्त व्हा किंवा ऑडिटर राहा, दोन्ही एकत्र नाही. सार्वजनिक न्यासाचा लेखापरीक्षक न्यासात हितसंबंध असलेला नको, हे कायद्याचं तत्त्व आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, उद्या एखाद्या सभासदाने पुस्तकखरेदीबद्दल शंका काढली तर तुमची सही त्या वाचनालयाला वाचवू शकणार नाही. विनामूल्य केलं म्हणून सहीची जबाबदारी पैशाभरही कमी होत नाही. आणि जी कीर्द तुमच्या ऑफिसने लिहिली ती तुम्हीच तपासायची, हे आजही बरोबर नाही. विश्वस्त व्हा अगर न व्हा, ते आधी थांबवा.

माझं मत विचाराल तर विश्वस्त व्हा. ऑडिटर दुसरा मिळेल. जमाखर्च वाचू शकणारा विश्वस्त लहान संस्थांना मिळत नाही. तुमचं नाव लागल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करायचा अर्ज) जाईल एवढं बघा. जुन्या संस्थांत दहा-दहा वर्षांचे बदल अर्ज पडून असतात, मयत विश्वस्तांची नावं तशीच असतात, आणि जागा विकसित करायची वेळ आली की सगळं तिथेच अडतं. मागचे बदल अर्ज काढून बघणं हे तुमचं पहिलं काम ठरू द्या. दुसरं, पावतीपुस्तकं. कोरी किती, वापरलेली किती, कुणाच्या ताब्यात, याची नोंद एका वहीत ठेवायला लावा. संस्थेला देणगीवरच्या करवजावटीची मान्यता (जुन्या कायद्यातलं ८०जी) असेल तर २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला वजावट मिळत नाही, हे पावती फाडणाऱ्या ग्रंथपालाला आधी सांगा. तो बिचारा गणपतीच्या दिवसांत पाच-पाच हजार रोख घेतो आणि मार्चमध्ये बोलणी खातो.

कीर्द लिहायची कुणी? वाचनालयात रोज येणारा कॉमर्सचा एखादा विद्यार्थी शोधा. त्याला महिन्याला थोडं मानधन वाचनालयाने द्यावं, शिकवायचं तुम्ही. विनामूल्य काही द्यायचंच असेल तर ते शिकवणं द्या.

प्रश्न : सावंतवाडीत मी पंधरा वर्षं अकाउंट्सची कामं करतो. इथे आम्ही दहा-बारा जण आहोत, पण कुणी कुणाला काही सांगत नाही. क्लायंट पळवील ही भीती. आता आयकराचा नवा कायदा आला. सेमिनारला कोल्हापूर-पणजीला जायचं तर दोन दिवस मोडतात. यूट्यूब बघून किती शिकणार? तुमच्याकडे अभ्यासगट चालतो असं ऐकलं. कसा जमवला?

उत्तर : दादा, तुमची भीती खोटी नाही. आमच्याकडेही ती होती. पुराच्या वेळी त्या हॉलमध्ये एकमेकांच्या क्लायंटांच्या फायली एकमेकांच्या हातात गेल्या, तेव्हा ती मोडली. पूर कुणाच्या वाट्याला येऊ नये, पण सुरुवात अशाच एखाद्या कामातून होते, नुसत्या ‘चला, भेटू या’ने होत नाही. तुम्ही सगळे मिळून गावातलं एक काम उचला. कणकवली-सावंतवाडी भागात काजू प्रक्रिया करणाऱ्या बायकांचे गट आहेत, त्यांना भांडवलाचा आणि मालाचा हिशेब शिकवायचा, असं काहीतरी. एकत्र घाम गाळला की माणसं आपोआप बोलायला लागतात.

दोन नियम आम्ही पहिल्याच दिवशी केले. बैठकीत क्लायंटचं नाव घ्यायचं नाही, फक्त अडचण सांगायची. आणि बैठकीमुळे दुसऱ्याच्या ज्या क्लायंटची ओळख झाली त्याचं काम वर्षभर घ्यायचं नाही. दुसरा नियम एकाने मोडला, त्याला आम्ही स्पष्ट सांगितलं. तो सहा महिने आला नाही, मग परत यायला लागला.

अभ्यासाची पद्धत साधी आहे. एकाने एक प्रकरण वाचून यायचं आणि आपल्या गावातल्या खऱ्या उदाहरणावर मांडायचं. १९६१च्या कायद्याची कलमं आमच्या जिभेवर बसलेली, आणि १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या २०२५च्या कायद्यात ती ५३६ कलमांत नव्याने मांडलेली. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं. आम्ही जुन्या-नव्या कलमांचा तक्ता हातानेच लिहितोय, प्रत्येकाने थोडा थोडा. छापील तक्ते मिळतात, पण लिहिलेलं लक्षात राहतं असा आमचा अनुभव आहे. आमच्या गटात साठीचे एक दिवाणजी आहेत, लाल खतावणीवर आयुष्य काढलेले. ते कायद्यात फार बोलत नाहीत, पण तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळत नसली की फरकाला नऊने भाग जातो का बघा म्हणतात, आणि उलटे मांडलेले अंक सापडतात. सॉफ्टवेअरवर वाढलेल्या मुलांना ते ऐकताना मी बघते तेव्हा मला फार बरं वाटतं.

तारीख ठरवताना काळजी घ्या. सातला टीडीएसचा भरणा, अकराला जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न, वीसला दरमहाचं ३बी, म्हणजे जीएसटी भरायचं रिटर्न. या तारखांच्या आसपास बोलावलंत तर कुणी येणार नाही. आम्ही बहुतेक महिन्यांत मोकळी असते म्हणून बावीस धरली. दोन-तीन बैठका झाल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘ताई, पाणी आलं तीही बावीसच होती.’ थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तिने चहा ओतला आणि त्या दिवशीचं प्रकरण वाचायला घेतलं.