"मंडळी बदलायलाच तयार नाही, मॅडम!"

मी समुपदेशक आहे, आणि हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की फोनवर "जय ख्रिस्त, मॅडम" झाल्यावर पलीकडून दीर्घ श्वास आला, की पुढचं मला पाठ असतं. बोलणारे बहुतेक तिशी-पस्तिशीतले पाळक, म्हणजे चर्चची मंडळी सांभाळणारे धर्मगुरू असतात, सेमिनरीतून, धर्मशिक्षणाच्या कॉलेजातून, उमेदीनं बाहेर पडलेले. कधी त्यांच्या पत्नीचा फोन असतो, कधी तरुण संघाच्या सेक्रेटरीचा. गाव वेगळं, गाऱ्हाणं एकच: आम्ही चांगल्यासाठी काही करायला गेलो, जुनी माणसं आडवी आली, तरुण चाललेत सोडून, आता करू काय?

म्हणून एका पाळकांची गोष्ट सांगते. त्यांना विचारून सांगते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि आठ-दहा भेटींचं सार इथं तीन-चार प्रसंगांत घातलंय.

नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मिशनच्या काळातलं दगडी चर्च. रजिस्टरवर १४० कुटुंबं आणि रविवारी बाकांवर जेमतेम ६० माणसं. पाळकसाहेब माझ्याकडे आले ते ॲसिडिटी आणि झोप न येणं या तक्रारी घेऊन. सगळ्या तपासण्या ठीक निघाल्यावर डॉक्टरांनीच माझा नंबर दिला होता. सोबत एक जाड फाइल होती. पहिल्या आठ महिन्यांत त्यांनी उपासनेची वेळ साडेनऊवरून आठवर आणली, प्रोजेक्टर लावला, पेटी-तबल्याच्या जागी कीबोर्ड आणि ड्रम आणले, आणि पाच तरुणांची 'उपासना समिती' नेमली. वार्षिक सभेत आरडाओरडा झाला. मग आठ सह्यांचं पत्र बिशपसाहेबांकडे गेलं. पहिली सही गुरुजींची. गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक, बावीस वर्षं कमिटीचे सेक्रेटरी.

"सगळं मंडळीच्या वाढीसाठीच केलं ना मी?" त्यांनी विचारलं.

इथं एक कबुली देते. मी स्वतः पाळकाची मुलगी. वडिलांविरुद्ध गेलेल्या असल्याच एका अर्जानं आईच्या डोळ्यांत आलेलं पाणी मी पाहिलेलं आहे. त्यामुळे पहिल्या भेटीत मी मनातल्या मनात खुर्ची सरकवून त्यांच्या बाजूला जाऊन बसले होते. समुपदेशकाला हे परवडत नाही. दुसऱ्या भेटीआधी मी खुर्ची परत जागेवर आणली.

माझी विचार करायची रीत घरावरून आलेली आहे. एकाच्या पोटात दुखत असेल तर मी घरातल्या बाकीच्यांकडेही बघते. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचा राग कुणाच्या तोंडून बाहेर पडतो, हे मला आधी हवं असतं. चर्चलाही मी असंच बघते. आपण चर्चला 'मंडळी' म्हणतो आणि घरच्या माणसांनाही 'आमची मंडळी'च म्हणतो, तो शब्द मला फार आवडतो. नव्या सुनेनं पहिल्याच महिन्यात देव्हारा हलवावा किंवा ओट्यावरचे डबे बदलावेत, तर डबे कितीही चांगले असोत, घर धुसफुसणारच. नवीन पाळक हा मंडळीत आलेली सूनच असतो. हे ऐकून पाळकसाहेब हसले. आमच्यातलं ते पहिलं हसणं.

वाढीचं म्हणाल तर मी त्यांना रजिस्टर घेऊन बसायला सांगितलं. येत नाहीत अशा तरुणांची नावं काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, आज तो कुठं आहे. २३ नावं निघाली. पाळकसाहेबांची खात्री होती की ही सगळी पोरं गाण्यांना कंटाळून गावातल्या नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती गटात, गेलीत. तिथं गेलेली निघाली चार. चार घरातच होती, रविवारी झोपून असायची. उरलेली पंधरा पुण्याला, पिंपरीला, चाकणला कामावर होती. ती नाताळला येतात, नवे कपडे घालून मागच्या बाकावर बसतात आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत जातात.

"म्हणजे ड्रम कुणासाठी आणला तुम्ही?" मी विचारलं.

ते बराच वेळ यादीकडे बघत राहिले. बदल कशासाठी करतोय हे तपासायच्या आधी काय बदलायचं हे ठरवून मोकळे होणारे पाळक मला नेहमी भेटतात. दुसऱ्या शहरातल्या एखाद्या मोठ्या चर्चमध्ये काय चालतं ते मोबाइलवर बघतात आणि तेच औषध आणतात. आपल्या रोग्याची नाडी बघायची राहून जाते.

मग त्यांना गृहपाठ दिला. सह्या केलेल्या आठही घरी जाऊन चहा प्यायचा. अट एकच: बदलांची बाजू मांडायची नाही, पटवायचं नाही, फक्त त्या घराची माहिती घेऊन यायची. तीन आठवड्यांनी ते आले. एका वाडीवरच्या आजींनी सही केली होती. सभेत त्या ताडकन उठून म्हणाल्या होत्या, "साडेनऊ ही आमच्या बापजाद्यांची वेळ हाय." घरी चहा गाळता गाळता त्याच आजी म्हणाल्या, "आमची यष्टीच सव्वानवाला येती, साहेब. आठाला कसं पोचायचं? आन् सभेत काय सांगायचं, आमच्याकडं मोटरसायकल न्हाई म्हणून?"

हे मी वहीत लिहून ठेवलं, आणि तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक पाळकाला सांगते. चारचौघांत गरिबी सांगायची लाज वाटते, परंपरा सांगायची वाटत नाही. म्हणून कुणी 'आमची परंपरा' म्हणून आवाज चढवला, की वाद घालायच्या आधी त्याच्या घरी जावं. तिथं एसटीचं वेळापत्रक सापडतं, कमी झालेली नजर सापडते, किंवा गुडघेदुखी. कधी कधी खरोखर परंपराच सापडते. मग तिच्याशी परंपरा म्हणून बोलावं.

आणि परंपरा तरी किती जुनी? ज्या पेटी-तबल्यासाठी भांडण झालं, ती स्वतः एकेकाळी चर्चमध्ये पाहुणीच होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग-भजनांचा आवाज दिला, तेव्हा इथं विलायती चालींवरच्या गीतांचीच जास्त रीत होती. आज टिळकांची भजनं 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकात आहेत आणि गुरुजींना ती पाठ आहेत. हे मी पाळकसाहेबांना मुद्दामच सांगितलं, पण गुरुजींच्या तोंडावर मारायला वापरायचं नाही, अशी तंबी देऊन. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. एका घरातल्या दोन माणसांत पाच वर्षं गेली. १४० कुटुंबांना आठ महिने कसे पुरावेत?

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आठपैकी सात घरं झाली होती. आठव्या घरी जायला पाळकसाहेब तयार नव्हते. "गुरुजी मला पाण्यात बघतात, मॅडम."

"मग आज त्यांनाच इथं बोलावू," मी म्हटलं, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसायला सांगितलं. "गुरुजी बसतात तसे बसा. आता तुम्ही गुरुजी."

आधी थट्टा झाली. चष्मा नाकावर ओढला, घसा खाकरला, "पोरगं हुशार आहे, पण शिस्त नाही" वगैरे. मी थट्टेला प्रतिसाद दिला नाही. साधेपणानं विचारलं, "गुरुजी, किती पाळक पाहिलेत तुम्ही?"

पाठ ताठ झाली. आवाज खाली आला.

"अकरा. अकरा पाळक आले आणि गेले. प्रत्येकानं येऊन काहीतरी नवं सुरू केलं. एकानं बालवाडी काढली, एकानं शिलाई मशिनी आणल्या. बदली झाली की ते गेले, निस्तरलं आम्ही. तुम्हीपण चार वर्षांनी जाल, साहेब. आम्ही कुठं जाणार? आमचं कब्रस्तान इथं आहे."

ते थांबले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. मला बोलायची फार इच्छा झाली होती, कारण काय घडलं हे मला दिसत होतं आणि ते आपण दाखवून द्यावं असा मोह होतोच. बोलले नाही. हे गप्प बसणं शिकायला मला दहा वर्षं लागली आहेत, आणि खरं सांगायचं तर माझ्या कामातली हीच एक गोष्ट मला बऱ्यापैकी जमते असं वाटतं.

बऱ्याच वेळानं ते आपल्या खुर्चीत परत आले आणि भलतंच बोलू लागले. वडील सुवार्तिक, म्हणजे गावोगावी धर्मप्रचार करणारे, होते. दर दोन-तीन वर्षांनी बदली. दहावीपर्यंत सात शाळा. पत्र्याची हिरवी ट्रंक कधी पूर्ण रिकामी व्हायचीच नाही, कारण परत भरावी लागणार हे आईला ठाऊक असायचं. एका गावी आईनं परसात पेरूचं झाड लावलं होतं.

"पेरू लागायच्या आत आम्ही गेलो. मॅडम, मी आयुष्यात लावलेल्या झाडाचं फळ खाल्लेलं नाही."

मी विचारलं, "म्हणून आठ महिन्यांत?"

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

त्या संध्याकाळी घरी जाताना रिक्षात मला उलगडलं, की हे दोघं भांडत होते ते एकाच गोष्टीवरून, आणि ती ड्रम नव्हती. बदली. एकाला जावं लागणार होतं, एकाला मागं राहावं लागणार होतं. पाळकसाहेबांची घाई आणि गुरुजींची अढी एकाच ट्रंकेतून निघालेली होती. माझ्याही घरी तशी ट्रंक होती. आमची काळी होती.

पुढच्या भेटींत काम सोपं झालं. पाळकसाहेब नवी समिती नेमायला निघाले होते, पुन्हा त्याच पाच तरुणांची. मी त्यांना बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', सहावा अध्याय काढायला सांगितला. मंडळी वाढली आणि लगेच कुरकुर सुरू झाली, हे तिथंच लिहिलंय. वाढ आणि कुरकुर एकाच वचनात येतात याचं मला नेहमी बरं वाटतं. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. मग सात जण निवडले गेले.

"नावं वाचा."

"स्तेफन, फिलिप..." सेमिनरीत ग्रीक शिकलेला माणूस तो, तिसऱ्या नावाशीच थांबला. "सगळी ग्रीक नावं आहेत."

"ज्यांची तक्रार, त्यांच्यातलेच दिसतात ना? तुमच्या समितीत सह्या करणाऱ्यांपैकी कोण आहे?"

आणखी एक गोष्ट मी सगळ्याच पाळकांना सांगते. घरोघरी न बोललेली गोष्ट सभेत पहिल्यांदा मांडू नका. सभेत माणूस विचार करत नाही, बाजू घेतो. आणि नवं काही करायचंच तर त्याला शेवटची तारीख लावा. 'आजपासून असंच' म्हटलं की लोक अंगावर येतात. 'लेंटचे (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे) सहा रविवार, झावळ्यांच्या रविवारपर्यंत (ईस्टरच्या आदल्या रविवारपर्यंत) करून बघू, मग तुम्हीच सांगा' म्हटलं की निदान बसून बघतात. त्यातही सगळ्यांना एकाच साच्यात बसवायचा हट्ट नको. १९७० साली नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढपणी विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, या दोन्ही रीती शेजारी शेजारी ठेवल्या. एवढ्या मोठ्या प्रश्नाला दोन दारं ठेवता येतात, तर ड्रमला का नाही?

आणि बायकोला टपालपेटी करू नका. कुणाला पाळकांना काही ऐकवायचं असलं की ते पाळकीणबाईंना सांगतात, त्या रात्री जेवताना नवऱ्याला सांगतात आणि ॲसिडिटी तिथून सुरू होते. 'हे साहेबांनाच सांगा, ते घरीच आहेत' एवढं वाक्य त्यांना म्हणू द्या. या घरात झोप परत आली ती मुख्यतः यामुळे, असा माझा अंदाज आहे.

उपासनेची वेळ परत साडेनऊ झाली. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं, "एसटीची वेळ न विचारता मी उपासनेची वेळ बदलली. माझं चुकलं." ड्रम महिन्यातून एका रविवारी, संध्याकाळच्या उपासनेत गेला. प्रोजेक्टर मात्र सहा रविवारांनंतर राहिला, आणि तो टिकवला मोतीबिंदूवाल्या आज्यांनी. मोठी अक्षरं पहिल्यांदाच दिसत होती. गुरुजी आजही पडद्याकडे बघत नाहीत. त्यांना पाठच आहे सगळं. पुण्याकडच्या पंधरांसाठी आता महिन्यातून एकदा पिंपरीत कुणाच्या तरी घरी प्रार्थना होते. पाळकसाहेब एसटीनं येतात. गावातल्या रविवारी ६०ची ७१ माणसं झाली. वार्षिक अहवालात हा आकडा फारसा उठून दिसला नाही म्हणे.

गुरुजींच्या घरी ते शेवटी गेले, तेव्हा चहा झाल्यावर गुरुजीच त्यांना कब्रस्तानात घेऊन गेले. दोन तास एकेका दगडापाशी उभं राहून कोण कुणाचं ते सांगितलं. मागची भिंत पडली होती, शेळ्या आत यायच्या. ती भिंत तरुण संघानं चार शनिवार खपून बांधली. पाळकसाहेबांनी कुंपणाच्या आत, कमिटीला विचारून, एक पेरू लावलाय.

परवा आणखी एका पाळकांचा फोन आला. जय ख्रिस्त, दीर्घ श्वास, आणि "मंडळी बदलायलाच तयार नाही, मॅडम."

मी विचारलं, "तिथं येऊन किती दिवस झाले?"

"वर्ष होईल."

"मंडळीचं कब्रस्तान पाहिलंत का?"

पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, "नाही. कुठं आहे, तेच विचारावं लागेल."