ओएलईडीत सेंद्रिय रेणू प्रकाश कसा देतो, आणि निळा रंगच आधी का थकतो?

नागपुरात एम.एस्सी. रसायनशास्त्र करताना तुम्हाला हा प्रश्न पडला, याचा फार आनंद झाला. मीही इथेच याच रेणूंवर काम करतो. ओएलईडी म्हणजे सेंद्रिय रेणूंच्या पातळ थरांतून वीज सोडून प्रकाश देणारं साधन; पुष्कळ फोनचे पडदे त्याचेच असतात.

सुरुवात तुमच्याच लॅबपासून करा. ॲल्युमिनियमच्या ग्रॅव्हिमेट्रीत (वजनावरून प्रमाण काढताना) ऑक्झिन, म्हणजे ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन, घातलं की पिवळा अवक्षेप पडतो. वजन झालं की आपण तो टाकून देतो. पुढच्या वेळी तो टीएलसीच्या (थिन लेयर क्रोमॅटोग्राफीच्या) यूव्ही दिव्याखाली, ३६५ नॅनोमीटरवर धरून बघा. चिमूटभर भुकटी हिरवी-पिवळी झळकते. हाच तो एएलक्यू-थ्री, ॲल्युमिनियमभोवती तीन ऑक्झिन असलेला रेणू! १९८७ साली कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी त्याचा जेमतेम ६० नॅनोमीटरचा थर दुसऱ्या एका डायअमाइनच्या थरावर बसवला आणि १० व्होल्टच्या आत हिरवा प्रकाश मिळवून दाखवला.

एका बाजूने इलेक्ट्रॉन येतो, दुसऱ्या बाजूने होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धन प्रभारासारखी वागते. दोघं एकाच रेणूवर आले की एक्झिटॉन, म्हणजे ऊर्जा साठलेली त्यांची जोडी, होतो. इलेक्ट्रॉनच्या स्पिननुसार चारांतला एक सिंगलेट, तीन ट्रिप्लेट. साध्या फ्लुरोसंट रेणूत, म्हणजे सिंगलेटपासूनच प्रकाश देणाऱ्यात, ते तिन्ही बहुतेक उष्णतेतच जातात. इरिडियमसारखा जड अणू घातला की तेही प्रकाश देतात; असे रेणू फॉस्फोरेसंट. जपानच्या आडाची यांच्या गटाने २०१२ मध्ये धातूशिवायही ते साधलं.

आता निळा. ४६० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, लालची जवळपास २. रेणूतला कार्बन-नायट्रोजन बंध तुटायला साधारण ३ लागतात. म्हणजे निळा रेणू कायम काठावरच उभा. त्यात दोन एक्झिटॉन एकमेकांवर आदळले आणि एकाची ऊर्जा दुसऱ्याला मिळाली की बंध तुटलाच. तुटलेला तुकडा मग शेजारच्या रेणूंचा प्रकाशही गिळतो. फॉस्फोरेसंट निळ्यात ट्रिप्लेट जास्त वेळ टिकतात, त्यामुळे अशा टकरीही जास्त. म्हणून कित्येक फोनमध्ये लाल-हिरवा फॉस्फोरेसंट असतो, निळा मात्र अजून फ्लुरोसंटच, आणि त्याचा ठिपका हिरव्यापेक्षा मोठा ठेवतात, म्हणजे त्यावरचा भार कमी होतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा मुद्दाही यात येतो. टीपीडी या जुन्या होल-वाहक रेणूचं ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे ज्या तापमानाला घट्ट थर मऊ पडून रेणू हलू लागतात ते, ६५ अंशांच्या आसपास आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या जवळ पोचतो, वर पडदा स्वतःही तापतो. थर स्फटिकायला लागला की पडद्यावर डाग पडतात. पुढे एनपीबीसारखे जास्त तापमान सोसणारे रेणू आले ते यासाठीच. माझ्या मते रंगाइतकाच विचार या आकड्याचाही करायला हवा, आणि प्रोजेक्टमध्ये विद्यार्थी नेमका तोच सोडून देतात.

प्रोजेक्ट करायचाच असेल तर ऑक्झिनपासूनच सुरू करा. एएलक्यू-थ्रीमध्ये होमो (इलेक्ट्रॉन असलेली सर्वांत वरची कक्षा) फिनॉक्साइडच्या बाजूला असतो, लुमो (सर्वांत खालची रिकामी कक्षा) पिरिडिनच्या. ५ क्रमांकावर मिथाइल लावला तर रंग लालकडे सरकतो, ४ क्रमांकावर लावला तर निळ्याकडे. तिन्ही भुकट्या एकाच यूव्ही दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवा, फरक नुसत्या डोळ्यांनी दिसेल.