दहावी झाली, आता घरच्यांनी काय करायचं?

ताई, लेक दहावी झाली, सायन्सला जायचंय, आता काय करायचं असं विचारलंत, तर अभिनंदन आधी लेकीचं! माझे दोघं यातून गेलेत म्हणून सांगतो, क्लास कुठला लावायचा यावर डोकं आपटण्याआधी कागदपत्रांकडे बघा. डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर (उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला) हे आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात जाऊन आत्ताच काढायला टाका आणि राखीव जागेतून इंजिनिअरिंग, मेडिकलला जायचं असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करा, कारण ते जिल्ह्याच्या समितीकडे जातं, आजोबांच्या शाळेचा दाखला वगैरे शोधावा लागतो आणि कॅप राउंड (प्रवेशाच्या सरकारी फेऱ्या) कुणासाठी थांबत नाही. आमचं मोठ्याच्या वेळी हेच झालं, पर्सेंटाईल चांगला, पण व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, हातात नाही. दोन आठवडे जेवण गोड लागलं नाही बघा.

अभ्यासाचं म्हणाल तर सीईटीत (बारावीनंतरची इंजिनिअरिंगसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा) अकरावीच्या सिलॅबसवर साधारण 20 टक्के प्रश्न असतात, त्यामुळे अकरावी म्हणजे आराम हे डोक्यातून काढा. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न सोडू नको म्हणावं.

आणि हो, सायन्सच का हे तिला एकदा शांतपणे विचारा, शेजारच्यांना नको. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, धाकटा तसाच गेला. (नातेवाईकांनी नाकं मुरडली, मुरडू दे.) बँकेत खातं तिच्या नावाने उघडा, स्लिप तिलाच भरू द्या, फॉर्मपण तिनेच भरायचा, तुम्ही फक्त शेजारी बसा.