वाइल सेमीमेटलमध्ये शोषणरेषा चुंबकीय क्षेत्राच्या वर्गमुळाप्रमाणे का सरकतात?

नाशिक रोडच्या एका एम.एस्सी. विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे की, चुंबकीय क्षेत्र चौपट केले तरी वाइल सेमीमेटलमधील (ज्यात इलेक्ट्रॉनचे दोन ऊर्जापट्टे केवळ काही बिंदूंवर, म्हणजे वाइल बिंदूंवर, एकमेकांना स्पर्श करतात असा पदार्थ) शोषणरेषेची, म्हणजे पदार्थ जो ठरावीक प्रकाश शोषतो त्याची, ऊर्जा दुप्पटच का होते. साध्या अर्धवाहकात इलेक्ट्रॉनची ऊर्जा संवेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे लँडाऊ पातळ्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनला मिळणाऱ्या ठरावीक ऊर्जेच्या पायऱ्या, समान अंतरावर असतात आणि ते अंतर क्षेत्राच्या सम प्रमाणात वाढते. वाइल बिंदूजवळ मात्र हा संबंध सरळ रेषेचा असल्याने पातळीची ऊर्जा तिचा क्रमांक आणि क्षेत्र यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. गोदाघाटाच्या पायऱ्या वर चढताना उंचीने कमी होत गेल्या, तर जशी रचना दिसेल, तशीच ही असते. इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला 5 लाख मीटर धरल्यास शून्य ते एक या संक्रमणाला 1 टेस्लाला सुमारे 18, तर 4 टेस्लाला 36 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. प्रकाशशोषणात पातळीचा क्रमांक, अधिक-उणे चिन्ह सोडून, एकानेच बदलतो (उणे क्रमांकाच्या पातळ्या वाइल बिंदूच्या खाली असतात), त्यामुळे उणे एक ते दोन ही पुढची रेषा पहिलीच्या 2.41 पट ऊर्जेवर येते, आणि मला हे गुणोत्तर अधिक विश्वासार्ह खूण वाटते. अर्थात, ग्राफीनमध्येही (कार्बनचा एका अणूइतका जाड थर) हेच वर्गमूळ दिसते. तेवढ्यावरून पदार्थ वाइल सेमीमेटल ठरत नाही. खरे वेगळेपण शून्य पातळीत आहे, कारण क्षेत्राच्या दिशेतील संवेगाबरोबर तिची ऊर्जा एकाच बाजूला चढत जाते.