दमास्कस पोलादाच्या वस्तऱ्याने दाढी खरंच चांगली होते का? पुण्यात तो घरच्या घरी बनवता येईल का?

दाढीपुरतं विचाराल तर काही फरक पडत नाही. दमास्कसच्या पात्यावरची नक्षी डोळ्यांसाठी. गालाला कळतं ते फक्त पोलादाला पाणी नीट दिलंय (म्हणजे तापवून, एकदम थंड करून कडक केलंय) की नाही.

बनवायचं म्हणाल, तर फ्लॅटमध्ये अशक्य. मी धायरीत एका फॅब्रिकेशनवाल्याच्या शेडमध्ये कोपरा घेतलाय, गॅसची भट्टी लावून रविवारी ठोकत बसतो. हल्ली दमास्कस म्हणतात ते दोन पोलादांचे थर जोडून केलेलं असतं. जुनं अस्सल दमास्कस म्हणजे आपल्याकडे दक्षिणेत मुशीत बनणारं वुट्झ; त्यात नक्षी आपसूक उमटायची. आमच्यासारखे बहुतेक जण १०९५ आणि १५एन२० या दोन जातींचं पोलाद घेतात. दुसऱ्यात साधारण २ टक्के निकेल, म्हणून फेरिक क्लोराइडमध्ये बुडवल्यावर ते चकचकीत राहतं नि पहिलं काळवंडतं. सर्किट बोर्डाला वापरतात तेच हे फेरिक, तपकीर गल्लीत मिळतं.

पट्ट्या घासून एकाआड एक रचायच्या, टाकणखार टाकून १,२०० अंशांच्या पुढे तापवायच्या आणि ठोकायच्या. पहिला घाव हलका. जोरात घातलात तर वितळलेला टाकणखार अंगावर उडतो. माझ्या डाव्या मनगटावर खूण आहे. सात थर, चिरून चार तुकडे रचले की २८, पुन्हा तेच केलं की ११२.

माझा तिसरा वस्तरा इथेच गेला. शेवटच्या घासणीत धारेपासून दोनेक मिलिमीटरवर केसासारखी काळी रेघ दिसली. नखाला लागतही नव्हती. फेरिकमधून काढला तर रेघ उघडलेली, थर जुळलेच नव्हते. चाकूत असला दोष कण्याकडे, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेला असता तर खपला असता. वस्तऱ्याची धार कागदाहून पातळ, तिथे काय खपणार? आता त्याने कुरिअरची पाकिटं फोडतो.

दुसरी गोम कण्याची. धार लावताना वस्तरा दगडावर आडवा टेकतो, कणा आणि धार दोन्ही एकदम. म्हणजे धारेचा कोन कण्याची जाडीच ठरवते. पातं १९ मिलिमीटर रुंद असेल तर कणा पाचेक मिलिमीटर, कोन १५ अंशांच्या आसपास. कणा जास्त घासला गेला की संपलं, नंतर दुरुस्ती नाही.

पाणी देण्याआधी धार पूर्ण पातळ करू नका, मिलिमीटरभर जाड ठेवा, नाहीतर पातं वेडंवाकडं होतं. ८०० अंशांना तापवून कोमट तेलात सरळ बुडवायचं. नंतर कानस फिरवली तर ती न चावता घसरली पाहिजे, म्हणजे पातं कडक झालं. मग लगेच ओव्हनमध्ये १८० ते २०० अंशांवर तासातासाचे दोन फेरे, फिकट गवती रंग येईपर्यंत. (घरचा ओटीजी वापरलात तर तेलाचा वास आठवडाभर केकला येतो. विचारून वापरा.)

पहिले दोन-तीन वस्तरे साध्या १०९५ चेच करा. कुणाकडून करून घेणार असाल तर थर किती हे विचारू नका. हार्डनेस विचारा, ६० ते ६२ रॉकवेल हवा, आणि धारेवर भिंग फिरवून बघा. घेतल्यावर बाथरूममध्ये ठेवू नका. हे पोलाद गंजतं, पुण्याच्या पावसाळ्यात तर दोन दिवसांत. दाढी झाली की पुसायचा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब धारेवर फिरवायचा.